जुन्या फोटोतली ती वल्ली कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला जुना ग्रुप फोटो निघतो, सगळ्यांची नावं पटापट लागतात, आणि कडेला एक जण असा उभा असतो की त्याच्यावर बोट आलं की सगळे गप्प. नाहीतर उलट, सगळे एकदम "अरे हा तर तो!" म्हणतात आणि तो म्हणजे कोण ते कुणालाच सांगता येत नाही. याबद्दल मला फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. आधीच सांगून ठेवते, अशा माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसून फार काही हाती लागत नाही. तो तिथे काय करतोय हे कळलं की नाव मागून येतं.

१. वल्ली म्हणजे नेमकं कोण? आणि आमच्या घरच्या फोटोत तिचं काय काम?

ज्याला सगळा परिसर ओळखतो पण ज्याचं आडनाव कुणालाच माहीत नसतं, असा माणूस. न बोलावता प्रत्येक कार्यात हजर, सगळ्यांचे निरोप पोचवणारा, एखादी लकब किंवा एखादी वस्तू कायम सोबत असलेला. पूर्वी कॅमेरा निघणं हाच एक प्रसंग असायचा, लोक आपोआप जमायचे आणि कुणीतरी म्हणायचं "या हो तुम्ही पण", की झालं, तो माणूस तुमच्या घराण्याच्या फोटोत कायमचा. पण कडेचा प्रत्येक अनोळखी माणूस वल्ली नसतो हं. तो भाडेकरू असेल, फोटोग्राफरचा मदतनीस असेल, घरात वर्षानुवर्षं कामाला असलेलं कुणी असेल, आणि बऱ्याचदा तो घरचाच निघतो, त्याबद्दल प्रश्न १२ बघा.

२. फोटो हातात आलाय, सगळ्यात आधी काय करू?

कुणालाही दाखवू नका! म्हणजे लगेच नको. आधी मागची बाजू बघा, मग दोन्ही बाजू स्कॅन करा, मग तो कुठे सापडला ते लिहून ठेवा. कुठल्या अल्बमात, कुठल्या पानावर, शेजारी कुठले फोटो होते, कुणाच्या ट्रंकेत होता. ही माहिती फोटो बाहेर काढला की हरवते आणि पुन्हा मिळत नाही. एकाच पानावरचे चार फोटो बऱ्याचदा एकाच दिवसाचे असतात, आणि ज्याला तुम्ही शोधताय तो शेजारच्या फोटोत जास्त स्पष्ट दिसत असतो. पानाला चिकटलेला फोटो मात्र ओढून काढू नका, पाण्यात तर अजिबात टाकू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि निघून येतो. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा, बास.

३. स्कॅन किती डीपीआयला करायचा? मोबाईलने काढला तर चालेल का?

हाताच्या पंजाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) पुरे, त्याहून लहान असेल तर १२००. टिफमध्ये (बारकावे न घालवणारा फाइलचा प्रकार) सेव्ह करा, पाठवायला जेपेग कॉपी वेगळी काढा. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण पिवळेपणा, शाईचा रंग, हाताने भरलेला रंग हे सगळं काळ ओळखायला लागतं. मोबाईल चालतो, पण खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून आणि फोटोच्या बरोब्बर वर धरून. वाकडा काढलात तर चेहऱ्यांची प्रमाणं बदलतात आणि मग प्रश्न ९ मधलं काहीच करता येत नाही.

४. फोटो कधीचा आहे हे कसं काढायचं? कुणी म्हणतं १९२०, कुणी म्हणतं १९५०.

यावर जितका वेळ घालवाल तितका थोडाच, कारण साल कळलं की निम्म्या शक्यता आपोआप गळतात. वस्तूपासून सुरुवात करा. पत्र्यावरचा फोटो असेल तर लोहचुंबक जवळ न्या (घासू नका), ओढला गेला तर तो टिनटाइप, ही पद्धत १८५६ नंतरची. आरशासारखा चकाकणारा, वाकडा धरला की निगेटिव्हसारखा दिसणारा असेल तर डॅगेरोटाइप, ती पद्धत १८३९ ला जाहीर झाली, आणि असा काही घरात सापडलाच तर त्याची काच उघडू नका, तो थर बोट लागलं तरी जातो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला साधारण ६ बाय १० सेंटिमीटरचा फोटो म्हणजे कार्ट द व्हिझिट, पॅरिसमध्ये १८५४ ला पेटंट घेतलेला आकार. तसाच पण मोठा, ११ बाय साडेसोळाचा, तो कॅबिनेट कार्ड, १८६० च्या दशकातला दुसरा अर्धा आणि पुढे.

स्टुडिओ सोडून घराबाहेर, अंगणात, ढिसाळ उभे राहिलेले लोक दिसायला लागले की समजायचं साधे घरगुती कॅमेरे आलेत. कोडॅकचा पहिला कॅमेरा १८८८ चा, त्याचे फोटो गोल यायचे. स्वस्तातला ब्राउनी १९०० चा. चौरस छोटे रंगीत प्रिंट दिसले तर १९६३ ला आलेल्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याचा विचार करा, पण चौरस फोटो १२० नावाच्या रुंद रोल फिल्मवरचेही असतात, त्यामुळे नुसत्या आकारावर शपथ घेऊ नका. प्लास्टिकसारखा गुळगुळीत, पाठीवरही लेप असलेला कागद असेल तर साधारण १९६० च्या दशकाची अखेर किंवा नंतर.

मला आवडणारी एक युक्ती म्हणजे नोटा तपासतात ना, तसला यूव्ही टॉर्च. खोलीत अंधार करून फोटोच्या पाठीवर आणि पांढऱ्या किनारीवर मारा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात १९५० च्या दशकापासून वापरात आलं. म्हणजे १९२० चा म्हणून दाखवलेला फोटो झगमगला तर तो निदान नंतर काढलेली प्रिंट आहे. मूळ फोटो जुना असू शकतो, कागद नाही. उलट नाही झगमगला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतरच्याही बऱ्याच कागदांत ते रसायन नव्हतं.

कपड्यांवरून साल काढायचं असेल तर फोटोतल्या तरुण मुलींकडे बघा, म्हाताऱ्यांकडे नको. म्हातारी माणसं वीस वर्षांपूर्वीची फॅशन आरामात घालतात. आणि वल्ली तर दुसऱ्याने दिलेला कोट घालून फिरते, तिच्या कपड्यांवरून काही म्हणजे काही ठरवू नका.

५. मागे नाव लिहिलंय! मग काम झालंच ना?

नाही झालं. आधी कशाने लिहिलंय ते बघा. बॉलपेन बाजारात सर्रास आलं ते १९४५ नंतर. १९२५ च्या फोटोमागे बॉलपेनने नाव असेल तर ते कमीत कमी वीस वर्षांनी, कुणीतरी आठवून किंवा अंदाजाने लिहिलंय. दुसरं, ते नाव फोटोतल्या माणसाचंच असेल असं कुठे आहे? ते फोटो ज्याला द्यायचा त्याचं असतं, स्टुडिओच्या गिऱ्हाइकाचं असतं, कधी नुसता ऑर्डरचा आकडा असतो.

अक्षर पुसट असेल तर खोली अंधारी करून टॉर्च फोटोच्या जवळजवळ आडवा धरा, पेन्सिलचा दाब सावलीत उठून दिसतो. जुनी काळी शाई तपकिरी होऊन उडाली असेल तर प्रश्न ४ मधला यूव्ही टॉर्च इथे पण कामाला येतो, ती शाई त्यात पुन्हा गडद दिसते.

६. तो कुठे उभा आहे यावरून काही कळतं का?

सगळ्यात जास्त इथेच कळतं आणि लोक इथेच सगळ्यात कमी बघतात. घरच्या लोकांना फोटोग्राफरने बसवलेलं असतं, खुर्च्या वयाप्रमाणे, लहान मुलं पुढे खाली. त्या मांडणीतून सुटलेला माणूस शोधा. रांगेच्या बाहेर अर्धं पाऊल, मागच्या दारात, खिडकीत. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हा मुलांकडे बघतोय. किंवा सगळे स्पष्ट आणि याचाच चेहरा हललेला, कारण हलू नका असं सांगितलं तेव्हा हा रांगेत नव्हताच, नंतर घुसला.

मग हात बघा. पूर्ण झूम करा, हातावर थांबा. आमच्या घरात एक सतरा जणांचा ग्रुप फोटो आहे, उजव्या टोकाला एक उंच माणूस, लख्ख ऊन आणि याच्या हातात मिटलेली छत्री. वर्षानुवर्षं आम्ही त्याला फोटोवाल्याचा माणूस समजत होतो. मोठा करून बघितलं तर छत्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली, चांगली घट्ट, गाठ वरच्या बाजूला. आत्याला मी चेहरा दाखवला तेव्हा ती म्हणाली माहीत नाही. मग तेवढी मूठ कापून दाखवली तर लगेच म्हणाली, "अगं हे तर छत्रीवाले, पत्रं वाचून दाखवायचे सगळ्यांना, आम्ही पोरं ती चिंधी सोडायला टपलेलो असायचो." चेहऱ्याने जे झालं नाही ते चिंधीने झालं.

आणि मुलांकडे बघा. एखादं पोर अनोळखी माणसाच्या पायाला निवांत टेकून उभं असेल तर तो माणूस त्या घरात रोजचा होता, तुम्हाला नाव माहीत असो वा नसो.

७. आजीला विचारलं तर ती दर वेळी वेगळं नाव सांगते. कुठलं धरायचं?

पहिलं, तेही तुम्ही काही सुचवलं नसेल तर. आपण विचारतो "हा तो पोस्टमन आहे ना गं?" आणि आजी म्हणते "हो बहुतेक", आणि पुढच्या वेळी तिला खरंच पोस्टमन आठवतो. यात आजीचा दोष नाही, सगळ्यांची स्मृती अशीच चालते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि प्रश्नातलं फक्त एक क्रियापद बदललं, 'आदळल्या'च्या जागी जास्त जोरदार शब्द, तर लोकांनी सांगितलेला वेग वाढला. म्हणून "हा कोण" असं पण विचारू नका, त्याने माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो आणि काहीतरी नाव ठोकून देतो. "हे कुठे काढलंय गं?" "त्या दिवशी काय होतं?" "हा इथे काय करतोय?" असं फिरवून विचारा आणि मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड आहे, मला अजून नीट जमत नाही.

प्रत्येकाला वेगवेगळं, एकट्याने दाखवा. चार बहिणी एकत्र बसवल्या की मोठी जे बोलते ते बाकीच्यांना आठवतं. दोघांनी एकमेकांचं न ऐकता एकच नाव सांगितलं तर ते वजनदार. बोलणं रेकॉर्ड करा (विचारून), कुणी सांगितलं आणि कुठल्या तारखेला ते लिहा, आणि त्यांचेच शब्द लिहा. "बहुतेक" म्हणाले तर "बहुतेक" लिहा, ते खाऊ नका.

८. फक्त टोपणनाव मिळालं. खरं नाव कसं शोधू?

टोपणनाव मिळालं म्हणजे निम्मं काम झालं, कारण लोकांनी त्याच नावाने सगळीकडे नोंदी केलेल्या असतात. घरातल्या खर्चाच्या वह्या, पत्रं, आहेराच्या याद्या, डायऱ्या चाळा. आमचे छत्रीवाले मला आजोबांच्या खर्चाच्या वहीत सापडले, तीन ठिकाणी "छत्रीवाले यास" आणि चौथ्या ठिकाणी, बहुतेक काहीतरी सही घ्यायची असेल म्हणून, पूर्ण नाव. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल देव जाणे.

त्याच्या कामावरून पण जाता येतं. निरोप्या असेल, बँडात वाजवत असेल, शाळेत घंटा देत असेल तर त्या त्या संस्थेचे जुने ग्रुप फोटो असतात आणि त्यांच्याखाली नावं छापलेली असतात. एक मात्र सांभाळा, टोपणनावं वारशाने जातात. बापाचं नाव मुलाला चिकटतं, त्यामुळे नाव जुळलं तरी साल जुळतंय ना ते प्रश्न ४ प्रमाणे बघा.

९. चेहरा जुळवणारं ॲप वापरलं तर? त्याने ९० टक्के दाखवलं.

तो आकडा "हा तोच असण्याची शक्यता ९० टक्के" असा नसतो. दोन चेहऱ्यांचं गणिती साम्य किती, एवढाच तो. भाऊ, चुलतभाऊ, बाप-लेक यांच्यात हे ॲप मजेत फसतं, आणि जुन्या फोटोत चेहरा नखाएवढा असतो. अमेरिकेच्या निस्ट या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये बऱ्याच प्रणाली तपासल्या तेव्हा चुकीच्या जुळण्यांचं प्रमाण वंश, वय आणि लिंग यांप्रमाणे खूप बदलतं असं दिसलं, म्हातारी माणसं आणि मुलं यांच्यात ते जास्त. त्यामुळे ॲपने सुचवलेलं नाव हा शोधायला एक धागा म्हणून घ्या.

डोळ्यांनीच जुळवायचं असेल तर कान बघा. केस, मिशा, वजन, दात सगळं बदलतं पण कानाच्या वळ्यांची घडण तीच राहते, पाळी फक्त वयाबरोबर लांबते. पॅरिसच्या पोलिसांत आल्फॉन्स बर्टियाँने १८८० च्या दशकात माणसं ओळखायची पद्धत बसवली तेव्हा त्याने कानाला फार महत्त्व दिलं होतं. तुलना करताना दोन्ही फोटोंत डोकं एकाच कोनात आणि कान एकाच बाजूचा हवा. कान वेगळे असतील तर माणूस वेगळा हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं, सारखे दिसले तर मात्र "असू शकेल" इतकंच.

१०. आमची वल्ली डावखुरी होती म्हणतात, फोटोत तर सगळं उजव्या हातात आहे!

फोटो उलटा असेल. टिनटाइप आणि डॅगेरोटाइप बहुतेक आरशासारखे उलटेच येतात, कारण तिथे निगेटिव्हच नसतं, जे पडलं तेच चित्र. कागदी फोटोतही निगेटिव्ह पालथी ठेवून प्रिंट काढली की हेच होतं. पाटीवरची अक्षरं, शर्टाचा खिसा (बहुतेक डावीकडे असतो), घड्याळाचे आकडे बघा. उलटा निघाला तर चेहऱ्यावरचा तीळ, भांग, मुडपलेला कान सगळंच बाजू बदलतं, तेव्हा कान जुळवायच्या आधी हे तपासायचं. पण हेही लक्षात ठेवा की आठवण सांगणाराच चुकत असेल, समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो ना.

११. सगळे म्हणतात तो लालभडक शर्ट घालायचा, फोटोत तर काळा दिसतोय.

मग जुळतंय की! जुन्या प्लेट आणि फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल काळपट यायचा आणि निळा जवळजवळ पांढरा. सगळे रंग पकडणारी फिल्म १९२०-३० च्या सुमाराला सर्रास झाली. त्यामुळे त्या आधीच्या फोटोत पांढरे दिसणारे कपडे फिके निळे असू शकतात, निळे डोळे भुतासारखे फिके येतात, आणि चेहऱ्यावरचे तांबूस डाग गडद येतात, म्हणजे एखादा माणूस उगाच जास्त वयाचा वाटतो. हाताने रंगवलेला फोटो असेल तर तो रंग रंगवणाऱ्याच्या मनातला. आणि हल्ली ॲपने जे रंगीत आणि टवटवीत करून मिळतं ते ओळखीसाठी वापरूच नका, ते डोळे आणि कान स्वतःच्या अंदाजाने नवीन काढतं. आजीला तसला फोटो दाखवलात तर ती दुसऱ्याच कुणालातरी ओळखेल.

१२. तो वल्ली नसून घरचाच कुणी असेल तर?

असतोच बऱ्याचदा. लहानपणी वारलेला भाऊ, भांडून वेगळा झालेला काका, ज्याचं नाव घरात घेत नाहीत असा कुणी. मोठ्यांनी "अरे तो असाच एक" म्हणून चटकन पान उलटलं तर थोडं थांबा, तिथे काहीतरी असतं. लगेच खोदू नका, दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो घेऊन जा.

एक चमत्कारिक प्रकार म्हणजे फोटोत नसलेला माणूस नंतर चिकटवलेला असतो. गेलेल्या किंवा गैरहजर माणसाचं डोकं दुसऱ्या फोटोतून कापून बसवायची पद्धत जुनीच आहे. त्याच्या चेहऱ्यावर उजेड वेगळ्या बाजूने येतो, आकार जरा लहानमोठा असतो, मानेपाशी कड जाणवते. असं दिसलं तर तो वल्ली नक्की नाही, कारण इतका खटाटोप घरच्यासाठीच करतात. आणि एकोणिसाव्या शतकातल्या बाळांच्या फोटोत मागे कापड पांघरलेला एक आकार दिसला तर घाबरू नका, बाळ हलू नये म्हणून त्याला धरून बसलेली ती बहुतेक आईच असते.

१३. एकच माणूस दोन फोटोत, मधे वीस वर्षं, आणि वय तेच! भूत आहे का?

भूत नाही हो. बाप-लेक असतील, किंवा दोघांपैकी एका फोटोचं साल चुकलंय. प्रिंटच्या कागदावरून साल काढलं असेल तर प्रश्न ४ मधली नंतरच्या प्रिंटची भानगड पुन्हा वाचा. फोटो स्टुडिओतला असेल तर आणखी एक, कोट, काठी, साखळीचं घड्याळ ही स्टुडिओची ठेवणीतली सामग्री असायची, तेव्हा "तोच कोट आहे" हा पुरावा नाही.

१४. नाव लागलं, पण लोक त्याला वेडा म्हणायचे. तसं लिहू का? त्याच्या घरचे अजून आहेत.

मी लिहीत नाही. तो काय करायचा ते लिहिते. वल्ली म्हणून आपण ज्याला हसतो तो त्याच्या नातवंडांचा आजोबा असतो, आणि लोक जी गंमत म्हणून सांगतात ती बऱ्याचदा आजारपण किंवा दारिद्र्य असतं. घरच्यांचा पत्ता लागला तर आधी फोटोची एक चांगली प्रिंट त्यांना द्या, कारण त्यांच्याकडे त्याचा एकही फोटो नसण्याची शक्यता खूप आहे. त्यांनी नाव चारचौघांत नको म्हटलं तर नको. घरच्या नोंदीत पूर्ण लिहून ठेवायला काही हरकत नाही.

१५. काहीच लागलं नाही. मग फोटोमागे काय लिहू?

जे माहीत आहे ते लिहा आणि खात्रीचा दर्जा लिहा. मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कडेला, फोटो पालथा टणक जागेवर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढून उठतो आणि शाई झिरपते. गुळगुळीत प्लास्टिकच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे कागदी पाकिटावर लिहा आणि लिहून झाल्यावर मगच फोटो आत सरकवा. "अनोळखी" एवढंच लिहू नका. आमच्या त्या फोटोमागे आत्याने ओळखायच्या आधी मी लिहिलेलं अजून आहे: "उजवीकडून पहिले, उंच, मिटलेली छत्री, मुठीला चिंधी. नाव माहीत नाही. आत्याला विचारायचं राहिलंय."